आधी गोळी की आधी पुरावा?

"सत्तरी ओलांडलेल्या बाईचं डोकं दुखतंय म्हणून रोज ६० मिलिग्रॅम स्टेरॉइड? हातात एकही रिपोर्ट नसताना?" काकांच्या सुरात विचारणं कमी आणि दटावणं जास्त होतं.

"डोकं दुखतंय म्हणून नव्हे, काका. डोळा जाईल म्हणून," पुतणी म्हणाली.

काका कराडचे जुने फॅमिली डॉक्टर. पेशंटच्या आधी त्याच्या बापाचा आणि आज्याचा इतिहास सांगणारे. पुतणी पुण्यात संधिवाततज्ज्ञ. दोघंही या लेखापुरती उभी केलेली माणसं आहेत. त्यांचं भांडण मात्र खरं आहे, आणि जिथे म्हातारी माणसं आणि डॉक्टर एकत्र येतात तिथे ते कुठल्या ना कुठल्या रूपात होतंच.

भांडणाचा विषय होता जायंट सेल आर्टरायटिस. उतारवयात मोठ्या आणि मध्यम धमन्यांच्या भिंतींना येणारी ही सूज. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच धमन्यांवर उलटते, भिंतीत पेशींची गर्दी होते, आतलं अस्तर जाड होत जातं आणि रक्ताची वाट अरुंद होते. कानशिलावरून केसांत शिरणारी शीर ही यातली बोटाला लागणारी, म्हणून जुन्या पिढीचे डॉक्टर याला टेम्पोरल आर्टरायटिस म्हणतात. पण सूज तिथेच थांबते असं नाही. महाधमनीपर्यंत जाऊ शकते. पन्नाशीच्या आत हा आजार जवळपास होतच नाही. सर्वांत जास्त रुग्ण सत्तर ते ऐंशी या वयातले, आणि बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट.

"गोऱ्यांचा आजार आहे हा," काका म्हणाले. "इतक्या वर्षांत मी एकही पाहिला नाही."

"पाहिला नाही की ओळखला नाही?"

काकांच्या भुवया वर गेल्या तशी ती एक पाऊल मागे आली. काकांचं म्हणणं आकड्यांनिशी बरोबर आहे, हे तिलाही ठाऊक होतं. नॉर्वे, स्वीडनसारख्या देशांत आणि अमेरिकेतल्या मिनेसोटात, जिथे स्कँडिनेव्हियातून गेलेल्यांची वस्ती मोठी आहे, पन्नाशीपुढच्या दर लाख माणसांमागे वर्षाला सुमारे वीस नवे रुग्ण सापडतात. आशियात हे प्रमाण फारच कमी. एचएलए-डीआरबी१*०४ या जनुकप्रकाराशी आजाराचा संबंध दिसतो, त्यामुळे वंशाचा वाटा नाकारता येत नाही.

"पण नाडी न लागणाऱ्या पोरी तुम्ही पाहिल्यात ना?" तिने विचारलं.

"पाहिल्यात. मुंबईला पाठवल्या."

"तो ताकायासू. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९०८ मध्ये मांडलेला. तोही मोठ्या धमन्यांचाच दाह, सूक्ष्मदर्शकाखाली बराचसा असाच दिसणारा. फरक इतकाच, की तो तरुण मुलींना गाठतो आणि आपल्याकडे जास्त आढळतो."

"हे उदाहरण झालं, पुरावा नाही झाला," काका म्हणाले, आणि ते खरंच होतं. एका आजाराला आपण सरावलेले आहोत म्हणून दुसराही आपल्याकडे लपून बसलाय, असं सिद्ध होत नाही. मग तिने लोकसंख्येकडे बोट दाखवलं. २०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती आणि तेव्हापासून ती वाढलीच आहेत. प्रमाण नगण्य धरलं तरी एवढ्या म्हाताऱ्या माणसांत रुग्ण निघणारच, आणि जो दुर्मीळ त्याचंच निदान उशिरा होतं. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. मोजकेच रुग्ण, पण आहेत.

काकांनी मोर्चा वळवला. "बरं. माझ्याकडे रोज चार म्हाताऱ्या डोकं धरून येतात. पित्त, बीपी, चष्म्याचा नंबर, मानेचा स्पॉन्डिलायटिस, सुनेशी वाजलेलं. यातली तुझी पेशंट कुठली ते सांग."

"जिचं डोकं आयुष्यात असं कधी दुखलं नव्हतं ती. सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा अर्धशिशी सुरू झाली, असं कुणी सांगितलं तर मला ते पटत नाही. जिला केसांतून फणी फिरवली तरी डोळ्यांत पाणी येतं, उशीवर त्या कुशीला टेकता येत नाही, ती. आणि तिला एक विचारा, भाकरी चावताना जबडा भरून येतो का?"

"दाढ दुखत असेल."

"दाढ पहिल्या घासालाच दुखते. इथे पहिले दोन-चार घास ठीक जातात, मग जबडा जड होतो, दुखायला लागतो. चावणं थांबवलं की मिनिटाभरात कमी. पुन्हा चावलं की पुन्हा."

काका गप्प झाले. हे वर्णन त्यांना ओळखीचं होतं, फक्त दुसऱ्या अवयवातलं. बिडी ओढणारे म्हातारे त्यांना सांगत, देवळापर्यंत चाललं की पोटरी भरून येते, पारावर बसलं की मोकळी होते. पायाच्या धमनीत अडथळा असला की स्नायूला कामाच्या वेळी रक्त पुरत नाही. जबड्याच्या स्नायूचंही तेच.

"म्हणजे जबड्याला लागलेली पोटरीचीच कळ," ते हळूच म्हणाले.

"तेच. आणि या आजारातलं सर्वांत बोलकं लक्षण तेच आहे. ते असलं तर माझा संशय एकदम वाढतो."

अशा रुग्णांना आधी दंतवैद्याकडे पाठवलं जातं आणि कधीकधी चांगली दाढ निघूनही जाते. हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, पाच सेकंद लागतात. तरीही वयस्कर डोकेदुखीच्या केसपेपरवर बीपीचा आकडा हमखास असतो आणि चावण्याविषयी एक ओळ नसते.

पुतणीने आणखी एक धागा पुढे केला. सुमारे निम्म्या रुग्णांना सोबत पॉलिमायाल्जिया असतो. सकाळी उठताना दोन्ही खांदे आणि मांड्या जखडलेल्या, अंबाडा घालायला हात वर जात नाही, बाजेवरून उठायला आधार लागतो, आणि उन्हं चढली की हळूहळू सुटतं. याला घरात 'वय झालं' म्हणतात. शिवाय बारीक ताप, अन्नावरची वासना उडणं, वजन उतरणं. इथे काकांनी मध्येच हात वर केला: ताप आणि वजन उतरणं म्हटलं की आपल्याकडे आधी टीबी आणि कॅन्सर शोधायचा. त्यावर तिचा आक्षेप नव्हता.

आजाराचा इतिहासही याच अंगाने गेलेला आहे; आधी कुणीतरी डोक्याला हात लावू देत नव्हतं, मग डॉक्टरांचं लक्ष गेलं. लंडनचे शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी १८९० मध्ये एका अतिवृद्ध माणसाची हकिकत लिहिली: कानशिलावर लाल, दुखऱ्या रेघा उमटल्या होत्या आणि त्यामुळे त्याला हॅट घालवत नव्हती. "आपल्याकडे फेट्याची तक्रार आली असती," काका म्हणाले. पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अशा दोन रुग्णांच्या शिरेचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि आजाराला स्वतंत्र ओळख मिळाली. अंधत्वाशी त्याचा संबंध ठळक झाला तो त्याच दशकाच्या शेवटी.

पुतणीला त्याहून जुना पुरावा सांगायचा होता. बेल्जियममधल्या ब्रुज शहराच्या ग्रूनिंग संग्रहालयात यान वान आइक यांनी १४३६ मध्ये पूर्ण केलेलं एक चित्र आहे. त्यात मेरीसमोर योरिस वान देर पाले नावाचे वृद्ध धर्मगुरू गुडघे टेकून बसले आहेत आणि त्यांच्या कानशिलावरच्या शिरा फुगलेल्या, नागमोडी दिसतात. तब्येतीच्या कारणाने त्यांना सकाळच्या उपासनेतून सूट मिळाल्याची नोंद चर्चच्या दप्तरात आहे. यावरून बेल्जियममधल्या एका संधिवाततज्ज्ञाने हेच निदान मांडलं: सकाळी जखडलेले खांदे आणि सुजलेली शीर.

"सहाशे वर्षांपूर्वीच्या तसबिरीला तू आजार सांगतेस आणि माझ्या ओपीडीत पुरावा नको म्हणतेस," काका हसून म्हणाले. फुगलेल्या, वळणावळणाच्या शिरा तर ऐंशीच्या कितीतरी निरोगी माणसांच्या कानशिलावर दिसतात. या बाबतीत काकांचंच पारडं जड ठरतं; चित्र पाहायला जावं, निदान करायला नाही.

खरा वाद त्यानंतर पेटला.

"स्टेरॉइडने काय होतं ते मला शिकवू नकोस," काका म्हणाले. "दम्यावर, सांधेदुखीवर पुड्या देणारे लोक मी पाहिलेत. कागदावर नाव नाही, पुडीत स्टेरॉइड. चार दिवसांत म्हातारी चालायला लागते, गावभर नाव होतं. वर्षाने तीच बाई माझ्याकडे येते: तोंड चंद्रासारखं गोल, अंगावर काळेनिळे डाग, साखर तीनशे, मणका दबलेला. गोळी एकदम बंद केली तर चक्कर येऊन कोसळते. आणि आपल्या देशात कुणाच्या छातीत जुना टीबी झोपलाय, कुणाला माहीत? ६० मिलिग्रॅमने तो जागा होतो."

यातला एकही शब्द तिने खोडला नाही. उलट आकडा पुरवला. मेयो क्लिनिकच्या परिसरातल्या १२० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा त्यांपैकी १०३ जणांना स्टेरॉइडचा काही ना काही अपाय झालेला दिसला: हाड मोडणं, मोतीबिंदू, मधुमेह, जंतुसंसर्ग. गंमत अशी, की कॉर्टिसोन या स्टेरॉइडचा उपयोग याच मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णावर केला आणि १९५० च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. औषधाचा गौरव आणि औषधाची तक्रारवही, दोन्ही एकाच गावची.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग डोळ्याचं ऐका. डोळ्याच्या नसेच्या तोंडाशी रक्त पोचवणाऱ्या धमन्या बारीक असतात. त्या बंद पडल्या की नस मरते. दुखत नाही. सकाळी उठल्यावर एका डोळ्यासमोर अर्धा पडदा, किंवा सगळाच. काहींना आधी इशारा मिळतो: दोन-चार मिनिटं अंधारी येऊन जाते, किंवा एकाची दोन दिसतात. काहींना तेवढंही नाही. गेलेली दृष्टी बहुतेकदा परत येत नाही. आणि औषध दिलं नाही तर दुसरा डोळा काही दिवसांत, आठवड्या-दोन आठवड्यांत जाऊ शकतो. पुडीवाल्याने नको तिथे दिलं, म्हणून मी हवं तिथे द्यायचं नाही का?"

"हवं तिथे, हे ठरवणार कोण? ईएसआर?"

ईएसआरवर दोघांचं अनपेक्षित एकमत निघालं. काकांच्या गल्लीतल्या लॅबमध्येही ही तपासणी होते: रक्त उभ्या नळीत तासभर ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहायचं. बाईचं वय अधिक दहा भागिले दोन, हा जुना ठोकताळा. म्हणजे ७२ वर्षांच्या बाईला ४१ पर्यंत चालतो. या आजारात तो अनेकदा पन्नासच्या, कधी शंभरच्या वर जातो. पण ॲनिमिया, टीबी, मूत्रपिंडाचा आजार, जंतुसंसर्ग, मल्टिपल मायलोमा यांतही तो चढतोच, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांत ॲनिमिया काय नवा? सोबत सीआरपी ही सुजेची दुसरी रक्ततपासणी करावी, प्लेटलेट वाढल्यात का पाहावं. आणि ईएसआर, सीआरपी दोन्ही नॉर्मल आले म्हणून सुटलो असंही नाही. शंभरातल्या सुमारे चार रुग्णांचे दोन्ही नॉर्मल असतात.

"गोळी देऊन बघू, गुण आला तर तोच आजार, असं म्हणणारेही आहेत," काका म्हणाले.

"ते साफ चूक. ६० मिलिग्रॅमने निम्म्या गावाला बरं वाटेल. तो पुरावा नव्हे."

"मग पुरावा कुठला?"

"बायोप्सी. कानशिलाची जागा बधिर करून शिरेचा निदान एक सेंटिमीटरचा तुकडा. आणि काका, इथेच तुमचं सगळं म्हणणं ढिलं पडतं. स्टेरॉइड सुरू केल्यावर शिरेतल्या खुणा लगेच पुसल्या जात नाहीत. दोन आठवड्यांपर्यंत, पुष्कळदा त्याहून जास्त काळ बायोप्सीत आजार दिसतो. म्हणजे पुरावा थांबतो, डोळा थांबत नाही."

काकांनी हे ऐकून घेतलं. बायोप्सी करायची तर औषध रोखून धरायचं, हा समज अजूनही अनेक दवाखान्यांत आहे आणि तो महागात पडतो. पण त्यांनी लगेच दुसरी बाजू धरली: बायोप्सी नॉर्मल आली तर? तिला कबूल करावं लागलं, की सूज शिरेत सलग नसते. मध्ये निरोगी पट्टे असतात आणि तुकडा नेमका तिथला निघू शकतो. ब्रिटनमधून चालवलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॅबुल या अभ्यासात ३८१ संशयित रुग्णांची बायोप्सीही केली आणि सोनोग्राफीही. ज्यांना आजार असल्याचं अखेरीस ठरलं, त्यांच्यातल्या शंभरातल्या ३९ जणांत तो बायोप्सीने पकडला, ५४ जणांत सोनोग्राफीने. मात्र बायोप्सीने 'आहे' म्हटलं की ते पक्कं. सोनोग्राफीचं 'आहे' तितकं पक्कं नव्हतं.

सोनोग्राफीत सुजलेल्या शिरेभोवती काळं वलय दिसतं, हे बर्लिनच्या वोल्फगांग श्मिट यांनी १९९७ मध्ये दाखवलं आणि आता युरोपात तीच पहिली तपासणी मानली जाते. अडचण अशी, की हे वलय स्टेरॉइडने काही दिवसांतच फिकं व्हायला लागतं, आणि कानशिलाची शीर पाहण्याचा सराव पोटाची सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येकाला नसतो.

"म्हणजे कराडात नाही," काका म्हणाले.

"पुण्यातही सगळीकडे नाही."

इंग्लंडमधल्या साउथएंडचं उदाहरण तिला इथे द्यायचं होतं. भास्कर दासगुप्ता यांच्या विभागाने तिथे तातडीचा मार्ग सुरू केला: फॅमिली डॉक्टरने संशय घेतला की फोन, लगेच विशेषज्ञ, तिथेच सोनोग्राफी. आधीच्या पद्धतीत शंभरातल्या ३७ रुग्णांची नजर कायमची अधू झाली होती, नव्या पद्धतीत नऊ जणांची. अभ्यास लहान होता, सगळं श्रेय एकट्या फोनला देता येणार नाही, पण ब्रिटिश संधिवाततज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही आता हेच सांगतात: दाट संशय असेल तर औषध लगेच, विशेषज्ञाची भेट शक्यतो त्याच दिवशी, फार तर तीन कामाच्या दिवसांत.

"आणि पुढे? वर्षभर गोळ्या?" 

वर्ष ते दोन वर्षं, डोस पायरीपायरीने उतरवत. नजर गेलेली किंवा जात असलेली असेल तर सुरुवातीचे तीन दिवस शिरेतून मोठा डोस. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडांचं औषध, साखरेवर नजर, टीबीची तपासणी. काकांची सगळी भीती इथे कामाच्या यादीत बदलते. स्टेरॉइड कमी करायला आता टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन आहे. २०१७ मध्ये आलेल्या चाचणीत २५१ रुग्ण होते. दर आठवड्याला ते घेऊन सहा महिन्यांत स्टेरॉइड सोडलेल्यांपैकी ५६ टक्के वर्षअखेर आजारमुक्त होते. नुसत्या स्टेरॉइडवर तेवढ्याच काळात उतरवलेल्यांत १४ टक्के. पण ते महाग आहे, त्यानेही जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि ते सीआरपी दाबून टाकतं, त्यामुळे आजार पुन्हा उसळला तरी लॅबचा कागद स्वच्छ दिसतो. मग काकांचंच जुनं शस्त्र उरतं: पेशंटला विचारणं.

एव्हाना काका बरेच वळले होते. त्यांनी स्वतःहून एक पेशंट मांडली. ७८ वर्षांची बाई, पंधरा वर्षांचा मधुमेह. महिनाभर कपाळ दुखतंय. ईएसआर ६०, हिमोग्लोबिन नऊ. जबडा ठीक, कानशिलाची शीर मऊ, नाडी लागते, नजर पूर्वीइतकीच. "तुझ्या हिशेबाने आजच सुरू करायला हवं, बरोबर?"

"नाही," ती म्हणाली. "हिला मी आज देणार नाही."

काका बघतच राहिले.

"हिचा संशय कमी प्रतीचा आहे. ईएसआर ॲनिमियाने चढलेला असू शकतो. हिची सीआरपी आजच करा, नाक-सायनस पाहा, नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्याची नस तपासून घ्या, उद्या सोनोग्राफीला माझ्याकडे पाठवा. जबडा दुखतोय किंवा अंधारी येऊन गेली, असं म्हणाली असती तर पहिली गोळी तुमच्या दवाखान्यातच आणि मग गाडीत."

"आणि आज शनिवार असेल तर? उद्या सोनोग्राफी कोण करणार? रात्रीत हिचा डोळा गेला तर हिचा पोरगा मला विचारेल, तुला नाही."

"तो धोका आहे," ती म्हणाली. "मधुमेही बाईला विनाकारण वर्षभर स्टेरॉइडवर ठेवण्याचाही आहे."

"मी सोमवारपर्यंत देईन. दोन दिवसांच्या गोळीने मणका दबत नाही."

"दोन दिवसांची गोळी सोमवारी थांबवणारा डॉक्टर भेटला पाहिजे. एकदा सुरू झाली की सगळे पुढे ढकलतात."

"मी थांबवीन की."

"तुम्ही थांबवाल. तिला बरं वाटलेलं असेल, ती थांबवेल का?"

काकांनी फोन काढला आणि शनिवारी उचलेल अशा सोनोग्राफीवाल्याचा नंबर तिच्याकडे मागितला. तिच्याकडे एकच होता, आणि तो सुटीवर होता.